लाखमोलाची तबकडी

दसरा झाला की आमच्या घरात साफसफाईला सुरुवात होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, आणि मी माझे कपाट उघडतो. या कपाटात माझ्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत. पावसाळाभर मुंबईच्या दमट हवेत त्या कशा राहिल्या, कुणाला बुरशी धरली, कुणाचे पाकीट वाळवीने खाल्ले, हे पाहायचा माझा हा वार्षिक मुहूर्त. घरातली मंडळी याला 'आजोबांचे श्राद्धकर्म' म्हणतात. म्हणोत बापडी!

यंदा माझ्या मदतीला माझी नात आली. तिला हल्ली तबकड्यांचे वेड लागले आहे. खिशातल्या फोनवर जगातले सगळे संगीत फुकट ऐकायला मिळत असताना ही मुले हजारो रुपये मोजून लाँग प्ले तबकड्या का घेतात, हे मला नीटसे उमगलेले नाही. पण घेतात, आणि ते पाहून मला बरे वाटते. तर नातीने एक जुनी तबकडी हाती घेतली. तिच्यावर पांढुरक्या बुरशीची नक्षी उमटली होती. "शी! केवढी घाण!" असे म्हणून तिने टेबलावरची सॅनिटायझरची बाटली उचलली. करोनाच्या साथीपासून ही बाटली प्रत्येक घरात ठाण मांडून बसली आहे. तिने ती तबकडीवर धरली मात्र, मी असा काही ओरडलो की स्वयंपाकघरातून सूनबाई धावत आल्या.

"आजोबा, एवढं काय झालं?"

काय झालं ते सांगायचे तर मला पासष्ट-सहासष्ट वर्षे मागे जायला हवे. आणि नुसते तेवढे जाऊन भागणार नाही. थेट पळसाच्या झाडापर्यंत जायला हवे.

वाचकहो, जुनी तबकडी कशाची बनते, हा प्रश्न तुम्ही चार माणसांना विचारून पाहा. कुणी म्हणेल रबराची, कुणी म्हणेल प्लॅस्टिकची, कुणी म्हणेल डांबराची. खरे उत्तर असे की ती लाखेची असते. ज्या लाखेच्या घरात पांडवांना जाळण्याचा बेत दुर्योधनाने केला, ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या आज्यापणज्यांनी घातल्या, ज्या लाखेने टपालकचेरीत पाकिटांवर मोहोर उठे, तीच ही लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतो. छोटा नागपूरच्या रानांत आदिवासी ते कवच खरवडून गोळा करतात. ते धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की व्यापाराची लाख तयार. या धंद्याचे महत्त्व एवढे की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली.

एमिल बर्लिनर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसनचा फोनोग्राफ नळकांड्यावर वाजे. बर्लिनरने चपटी तबकडी आणली. तिचा मोठा गुण हा की एका साच्यावरून शेकडो प्रती छापता येत. त्याने आधी कडक रबर वापरून पाहिले. ते मनाजोगते जमेना. शेवटी लाखेचा लगदा कामी आला. लाख, दगडाची बारीक पूड, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. हे मिश्रण तापवून दाबले की साच्यातली प्रत्येक बारीक रेघ त्यात उतरे, आणि थंड झाल्यावर ते काचेसारखे कडक होई. पुढची पन्नास वर्षे जगातले बहुतेक सगळे गाणे या लगद्यावर उमटले, आणि लाख जाई ती मुख्यतः आपल्या देशातून.

यातली गंमत पाहा. लंडनहून कलकत्त्यास आलेल्या फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकाने १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात गौहरजानचे गाणे मेणाच्या चकत्यांवर टिपले. त्या चकत्या आगबोटीने जर्मनीतील हॅनोव्हरला गेल्या. तबकड्या तिथल्या कारखान्यात छापल्या जात. तिथल्या कारागिरांना हे गाणे कुणाचे हे कळावे म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत असे. म्हणजे आपल्या रानातली लाख सातासमुद्रापलीकडे जायची आणि तिच्यावर आपल्याच गाण्याचा ठसा उमटून ती परत यायची! १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, पुढे डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला, तेव्हा ही वारी थांबली.

आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने या तारखांना फार अर्थ आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ज्यांच्या आवाजाने किर्लोस्कर मंडळीचे प्रेक्षक वेडे होत, ते भाऊराव कसे गात, हे आज आपल्याला फक्त वाचायला मिळते. एक-दोन वर्षांची चुकामूक! भास्करबुवा बखल्यांचे तर त्याहून दुःख. बुवा १९२२ पर्यंत हयात होते, तबकड्या घरोघर पोचल्या होत्या, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्या हाती नाही. उलट त्यांच्या शिष्याचे, बालगंधर्वांचे, गाणे आपण हवे तेव्हा ऐकू शकतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले; पण त्यांची झिंझोटीतली ठुमरी आजही लावली की घरातली माणसे हातातले काम थांबवतात. कोण उरले आणि कोण नाही, याचा निवाडा पुष्कळदा गुणांवर झाला नाही, या लाखेच्या चकतीवर झाला.

आता माझ्या आत्याविषयी.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ती त्यांना दादा म्हणे. तिचा गळा गोड होता. एक काळ असा होता की 'चांगल्या घरच्या' मुलीने गाणे म्हणजे ओवी नि आरती. त्यापलीकडे पाऊल टाकणे म्हणजे घराण्याला बट्टा. पण तिसाव्या दशकात वारा बदलू लागला होता. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या मध्यमवर्गीय घरांत पोचल्या होत्या, जी. एन. जोशींची भावगीते मुलींच्या ओठांवर आली होती. त्या वाऱ्यावर स्वार होऊन अण्णा १९३६ साली आपल्या सतरा वर्षांच्या बहिणीला मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत घेऊन गेले. तिने दोन गाणी गायिली. तबकडीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. प्रत्येकी जेमतेम तीन मिनिटे. लेबलावर तिचे आडनाव नव्हते. नुसते 'मिस' आणि पुढे नाव. तेवढी काळजी आजोबांनी घेतली होती.

तबकडी फारशी खपली नाही. पुढल्या वर्षी आत्याचे लग्न झाले. सासरी गाण्याचे वावडे होते. तिने गाणे सोडले. म्हणजे अगदी सोडले. मी तिला पाळण्याशीसुद्धा गुणगुणताना ऐकले नाही. तिच्या गाण्याची खूण म्हणून जगात आमच्या घरची ती एक प्रत तेवढी राहिली.

दरवर्षी भाऊबिजेला आत्या आमच्याकडे येई. ओवाळणे झाले, जेवणे झाली की अण्णा चावीचा ग्रामोफोन काढत. तबकडीवरून मखमलीची गादी फिरवत. मग हिशेबाने एक कोरी पिन काढून साउंडबॉक्समध्ये बसवत. पत्र्याच्या डबीत दोनशे पिना येत, आणि अण्णा एरवी एकेक पिन चार-चार बाजूंना वापरत. पण आत्याच्या तबकडीला नेहमी नवी पिन. त्यात केवळ माया नव्हती, शास्त्रही होते. तबकडीतली दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ती पोलादी पिनेचे टोक घासून खाचेच्या मापाचे करते. तीच पिन पुढे वापरत राहिलो की टोकाला धार येते आणि ती खाच कापू लागते. शंभर ग्रॅमांहून अधिक भार त्या टोकावर असतो. त्यात खाचेत धूळ असेल तर पाहायला नको. पाट्यावर वरवंटा फिरावा तसे सुरांचे वाटण होते.

१९५८ साल. मी दहा वर्षांचा होतो. दिवाळीच्या आधी तबकड्या काढल्या तर आत्याच्या तबकडीवर बुरशी! मखमलीची गादी फिरवली, तरी ती जाईना. मला वाटले, आपण ही लख्ख करून अण्णांना चकित करू. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटची बाटली असे. आईच्या चिमणीच्या काचा, आरशावरचे डाग या स्पिरिटने कसे झटकन निघतात हे मी पाहिले होते. जुन्या धोतराचा तुकडा घेतला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि एक बाजू चांगली घासून काढली. बुरशी गेली. फडक्याला काळसर तपकिरी रंग लागला. मी समजलो, किती हा मळ! सुकल्यावर तबकडीची चकाकी मावळून ती पाटीसारखी दिसू लागली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या बाजूला हात लावायचे धैर्य झाले नाही. मी ती गुपचूप पाकिटात घातली.

भाऊबिजेच्या रात्री अण्णांनी नेमकी तीच बाजू लावली. आधी खरखर आली. नेहमी ती दोन क्षणांनी मागे पडून आत्याचा आवाज वर येई. त्या दिवशी खरखर मागे पडलीच नाही. ओढ्याला पूर आल्यावर पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारावी, तसा आवाज लांबून येत होता. अण्णांनी पिन उचलली, तबकडी दिव्याशी धरली आणि माझ्याकडे पाहिले. मी रडायलाच लागलो.

अण्णांचा हात उठलाही असता. पण आत्या म्हणाली, "असू दे रे दादा. दुसरी बाजू आहे ना? माणसाची एक बाजू राहिली तरी पुष्कळ झालं."

अण्णांनी तबकडी उलटली. आम्ही दुसरे गाणे ऐकले. त्यानंतर पहिली बाजू आमच्या घरात पुन्हा कधी कुणी लावली नाही.

मी नेमके काय केले, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. नोकरीला लागल्यावर घरी एका सुताराकडून लाकडी कपाट करून घेतले. हेच, ज्यात आज तबकड्या आहेत. त्याचा पॉलिशवाला एका बाटलीत तपकिरी पापुद्रे टाकून वर स्पिरिट ओतत होता. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "लाख आहे साहेब. पाण्यात नाय विरघळत. स्पिरिटमध्ये कशी साखरेवानी विरघळते बघा." मी त्या बाटलीकडे पाहत उभा राहिलो. धोतराच्या फडक्याला लागला तो मळ नव्हता, ते आत्याचे गाणे होते.

म्हणून नातीवर ओरडलो. सॅनिटायझरमध्ये मुख्यतः तेच असते, मद्यार्क.

आता तिची लाँग प्ले तबकडी मात्र निराळ्या जातीची, आणि तिचाही इतिहास लाखेशीच जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आयात अडचणीत आली. १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठी तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले. सैनिकांसाठी पाठवायच्या तबकड्या वाटेत फुटू नयेत म्हणून व्हायनिल हे प्लॅस्टिक वापरात आले. ते लवचिक होते आणि त्यात दगडाची पूड घालावी लागत नव्हती, म्हणून खरखर कमी आणि खाचा कितीतरी बारीक काढता येत. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी काढली. तीन मिनिटांच्या जागी वीस-बावीस मिनिटे! आपल्याकडे ती रुळायला साठचे दशक उजाडले. आमच्या गवयांनी मिनिटांच्या चिमटीत राग बसवण्याची कला कमावली होती. आता त्यांना पाय पसरून बसायला जागा मिळाली. आणि लाखेची तबकडी हळूहळू कालबाह्य झाली.

नातीला मी त्या दिवशी जे शिकवले तेच इथे लिहितो. कुणाच्या माळ्यावर आजोबांची पेटी असेल तर उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, तबकडी ओळखा. जड, कडक, कडेवर टिचकी मारली तर टणक वाजणारी आणि लेबलावर ७८ चा आकडा असलेली ती बहुधा लाखेची. हलकी आणि किंचित वाकणारी ती व्हायनिलची. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, काचा पुसायचे द्रव यांपैकी काहीही लावू नका. आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढा. मग साधे थंड, शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी घ्या. त्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका. मऊ कापड त्यात बुडवून पिळून घ्या आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवे कधीही नाही. मधले कागदी लेबल कोरडे राहू द्या. मग साध्या पाण्याने साबण काढून लगेच टिपून घ्या. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवू नये आणि गरम पाणी तर दाखवूच नये. व्हायनिललाही हीच रीत चालते. तिचा दोष वेगळा: कोरड्या फडक्याने घासली की तिच्यात वीज भरते आणि खोलीतली सगळी धूळ ती ओढून घेते. म्हणून ती कोरडी घासू नये. वाजवण्याआधी कार्बनच्या तंतूंचा ब्रश हलक्या हाताने फिरवावा.

ठेवताना तबकड्या ग्रंथांसारख्या सरळ उभ्या ठेवा. थप्पी लावली की खालच्या लाखेच्या तबकड्या तडकतात. तिरप्या ठेवल्या की व्हायनिलच्या वाकतात. ऊन दोघींचा वैरी. कुजके पाकीट फेकून नवे घाला, पण त्यावर काही लिहिलेले असेल तर ते जपून ठेवा. आणि आजच्या विजेच्या यंत्रावर ७८ ची तबकडी लावायची तर तिच्यासाठी जाड टोकाची निराळी सुई मिळते, ती घ्या. लाँग प्लेची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी धुळीत लोळत राहते.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे निवडक आवाज आणि संगीत तिच्यात आहे, आणि ती वाजवायला सुईसुद्धा सोबत दिली आहे. त्या संगीतात हिंदुस्थानचा एकच आवाज आहे: गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी. ज्या बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत एवढ्या चोखंदळ, त्यांचा सूर आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेला आहे. तिथे दमट हवा नाही, बुरशी नाही, स्टोव्हचे स्पिरिट घेऊन बसलेला दहा वर्षांचा पोरगाही नाही. ती तबकडी कुणी पुसायला नको. आपल्या कपाटातल्या मात्र आपल्यालाच पुसायला हव्यात.

आत्या १९८६ साली गेली. दिवसवाराला तिच्या दोन्ही मुली आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आईला कधी गाताना ऐकले नव्हते. तिची तबकडी निघाली होती एवढे कानावर होते, पण ते खरे की आईची थट्टा, हेही त्यांना ठाऊक नव्हते. मी दुसरी बाजू लावली. सतरा वर्षांची त्यांची आई गाऊ लागली. तीन मिनिटे कुणी हलले नाही. गाणे संपल्यावर थोरली म्हणाली, "पुन्हा लाव." माझ्या हातून दोन्ही बाजू गेल्या असत्या तर मी त्या मुलींना काय ऐकवणार होतो?

नातीने हे सगळे ऐकले आणि हातातली तबकडी उलटून लेबल वाचले. 'मिस', आणि पुढे नुसते नाव. मग तिने सॅनिटायझरची बाटली बाहेर दिवाणखान्यात नेऊन ठेवली, वाटीत पाणी घेतले, त्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि मऊ फडके खाचांच्या दिशेने फिरवू लागली. बुरशी हळूहळू गेली. काळी चकाकी तशीच राहिली.

"आजोबा, ती दुसरी बाजूपण धुऊ? खराब झालेली?"

"धू," मी म्हटले. इतकी वर्षे मी तिच्याकडे पाहायचे टाळत आलो होतो. "धुऊन ठेव. भाऊबिजेला लावून पाहू. हल्लीच्या सुया बारीक कान देतात म्हणे."